आंतरराष्ट्रीय व्यवसायाचे अध्ययन आणि आशियातील अल्पकालीन अभ्यासदौरा : स्वरूप, मर्यादा व शक्यता

प्रास्ताविक

आंतरराष्ट्रीय व्यवसाय हा विषय वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या अभ्यासक्रमात स्थिरावल्यास आता बराच काळ लोटला आहे. या विषयाच्या अध्यापकांची संघटना अमेरिकेत १९५९ मध्ये स्थापन झाली. पुढे १९८८ च्या व्यापार व स्पर्धाक्षमताविषयक कायद्याने तेथील विद्यापीठांत आंतरराष्ट्रीय व्यवसाय शिक्षणाची केंद्रे उभारण्यास केंद्र शासनाचे साहाय्य मिळू लागले. जपान व पूर्व आशियातील उद्योगांनी अमेरिकन बाजारपेठेत निर्माण केलेले आव्हान ही त्यामागील पार्श्वभूमी होती. साहजिकच विद्यार्थ्यांना आशिया प्रत्यक्ष दाखवावा, हा विचार बळावला आणि एक ते तीन आठवड्यांचा, प्राध्यापकांच्या नेतृत्वाखालील अभ्यासदौरा हा प्रकार रूढ झाला. परदेशी शिक्षणासाठी बाहेर पडणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी आता पूर्ण सत्राऐवजी अशा अल्पकालीन कार्यक्रमांचीच निवड करतात. भारतातील व्यवस्थापन संस्थांनीही सिंगापूर, हाँगकाँग, दुबई अशा शहरांचे दौरे आपल्या माहितीपत्रकांत समाविष्ट केले आहेत.

या दौऱ्यांना श्रेयांक दिले जातात. त्यासाठी पालकांकडून मोठी रक्कम घेतली जाते. म्हणून दहा दिवसांत विद्यार्थी नेमके काय शिकू शकतो, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. दहा दिवसांत देश कळत नाही, हे उघड आहे. तथापि दोन नियमव्यवस्थांमधील अंतर व्यवसायावर कसा परिणाम करते, ही या विषयाच्या गाभ्याची गोष्ट एखाद्या सीमेवर अर्ध्या दिवसातही स्पष्ट होऊ शकते. दौऱ्याची आखणी देशाभोवती न करता सीमेभोवती करावी, या दृष्टीने येथे हाँगकाँग–शेन्झेन आणि सिंगापूर–जोहोर या दोन स्थळांचा विचार केला आहे.

प्रचलित दौऱ्याचे स्वरूप

बहुतेक दौऱ्यांची रचना सारखीच असते. सकाळी एखाद्या बँकेला किंवा बहुराष्ट्रीय कंपनीला भेट, दुपारी वाणिज्य दूतावासात अथवा व्यापारी मंडळात व्याख्यान, सायंकाळी शहरदर्शन. कंपनीचा जनसंपर्क अधिकारी तयार चित्रफीत दाखवितो, प्रश्नोत्तरांना वीस मिनिटे मिळतात, शेवटी समूहचित्र घेतले जाते. यातून जी माहिती मिळते ती कंपनीच्या वार्षिक अहवालात अधिक तपशिलाने छापलेली असते. आपल्याकडील वाणिज्य महाविद्यालयांच्या औद्योगिक भेटींचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. माहितीपत्रकातील परिच्छेद अहवालात जसेच्या तसे उतरतात, आणि ते तपासणाऱ्यालाही ठाऊक असते.

डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या अनुभवाधारित अध्ययनाच्या चक्रात चार टप्पे आहेत : प्रत्यक्ष अनुभव, त्यावरील चिंतन, त्यातून संकल्पनेची मांडणी आणि त्या संकल्पनेची पुन्हा कसोटी. वरील प्रकारचा दौरा पहिला टप्पा भरगच्च देतो आणि उरलेल्या तिहींसाठी वेळच ठेवत नाही. परिणामतः विद्यार्थी परततो तो ‘चिनी माणूस असा असतो’, ‘सिंगापूरमध्ये सर्व काही शिस्तीत चालते’ अशी विधाने घेऊन. न जाता राहिलेल्या विद्यार्थ्यापेक्षा त्याचे ज्ञान फारसे वाढलेले नसते. आत्मविश्वास मात्र वाढलेला असतो, आणि पुढे व्यवसायात तोच महागात पडण्याचा संभव अधिक.

अंतराची संकल्पना

पंकज घेमावत यांनी २००१ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधील लेखात दोन देशांमधील अंतराचे चार प्रकार सांगितले : सांस्कृतिक, प्रशासकीय, भौगोलिक व आर्थिक. वर्गात ही चौकट शिकविताना उदाहरणे सहसा दूरदूरच्या देशांची दिली जातात. तेथे चारही अंतरे एकत्र मिसळलेली असतात आणि कोणते किती परिणाम करते हे वेगळे काढता येत नाही. याउलट दोन लगतच्या शहरांमध्ये भौगोलिक अंतर जवळजवळ शून्य असते, सांस्कृतिक अंतरही कमी असते. त्यामुळे प्रशासकीय व आर्थिक अंतर उघडे पडते.

हाँगकाँग–शेन्झेन : पुलाच्या दोन बाजू

हाँगकाँगच्या ईस्ट रेल मार्गावरील लो वू हे शेवटचे स्थानक. गाडीतून उतरलेला प्रवासी हाँगकाँगची तपासणी पार करून शेन्झेन नदीवरील बंदिस्त पुलावरून चालत पलीकडे जातो. दोन्ही बाजू एकाच सार्वभौम राष्ट्राच्या आहेत. १ जुलै १९९७ पासून हाँगकाँग चीनकडे आहे. तरीही हा पूल ओलांडताना चलन बदलते, सीमाशुल्काचे क्षेत्र बदलते, न्यायपद्धती बदलते. हाँगकाँगमध्ये इंग्लंडप्रमाणे वाहने डाव्या बाजूने धावतात, शेन्झेनमध्ये उजव्या. पाट्यांवरील पारंपरिक चिनी अक्षरांच्या जागी सोपी केलेली अक्षरे येतात. हाँगकाँग डॉलर १९८३ पासून अमेरिकन डॉलरशी बांधलेला आहे. युआनचे व्यवस्थापन बीजिंग करते. जागतिक व्यापार संघटनेत हाँगकाँग १९९५ पासून स्वतंत्र सदस्य आहे, तर चीन त्या संघटनेत ११ डिसेंबर २००१ रोजी दाखल झाला.

सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या वेस्ट काउलून अतिजलद रेल्वे स्थानकात तर हा प्रकार एकाच इमारतीत आढळतो. हाँगकाँग शहराच्या मध्यभागी असलेल्या या स्थानकाच्या एका भागात चीनच्या मुख्य भूमीचा कायदा लागू होतो. जमिनीवरील एका रेषेपलीकडे अटक व तपासणी यांचे नियम बदलतात. अधिकारक्षेत्र या संकल्पनेसाठी यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

लो वूच्या तपासणी नाक्यावर आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. बालकांच्या दूध भुकटीसंबंधीच्या नियमाची सूचना तेथे लावलेली असते. १ मार्च २०१३ पासून लागू झालेल्या या नियमानुसार सोळा वर्षांवरील व्यक्तीला चोवीस तासांत १.८ किलोग्रॅमपेक्षा अधिक, म्हणजे साधारण दोन डबे, दूध भुकटी परवान्याविना हाँगकाँगबाहेर नेता येत नाही. मुक्त बंदर म्हणून ख्याती असलेल्या, मद्य, तंबाखू, खनिज तेले व मिथाइल अल्कोहोल वगळता कशावरही जकात न घेणाऱ्या प्रदेशात निर्यातीवर असा निर्बंध का असावा? हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवून प्राध्यापकांनी दोन दिवस गप्प बसावे.

उत्तराचे धागे २००८ पर्यंत जातात. त्या वर्षी चीनमध्ये दूध भुकटीत मेलामाइनची भेसळ उघडकीस आली. सुमारे ३ लाख बालके बाधित झाली, त्यांपैकी ६ दगावल्याचे शासनाने मान्य केले. पाणी घातलेल्या दुधातील प्रथिनांचे प्रमाण चाचणीत अधिक दिसावे म्हणून हे रसायन मिसळले जात होते, कारण चाचणी प्रथिने न मोजता नायट्रोजन मोजत असे. देशी मालावरील विश्वास उडाल्यावर मुख्य भूमीतील पालक आयात केलेल्या, तेही हाँगकाँगमध्ये विकल्या जाणाऱ्या डब्यांकडे वळले. तोच डबा, तोच उत्पादक, कित्येकदा तोच कारखाना. परंतु हाँगकाँगच्या दुकानातून घेतलेला डबा अधिक खात्रीचा मानला गेला. पिशव्या भरून सीमा ओलांडणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांचा एक वर्गच उभा राहिला, हाँगकाँगमधील पालकांना भुकटी मिळेनाशी झाली, स्थानिक रोष वाढला आणि शासनाने निर्बंध घातला. उत्पत्तिदेशाचा ग्राहकाच्या मनावरील परिणाम, समांतर आयात, माहितीची विषमता, निर्यातनियंत्रण ही पाठ्यपुस्तकातील चार वेगवेगळी प्रकरणे येथे एका डब्यात एकत्र येतात. या ग्राहकाने अधिकची किंमत मोजली ती दुधासाठी नव्हे. सीमेपलीकडील तपासयंत्रणेसाठी मोजली. हे विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढले, तर संस्था व बाजार यांचा संबंध त्याला वेगळा शिकवावा लागणार नाही.

कारखान्याची भेट आणि मूल्यवर्धनाचा हिशेब

शेन्झेनला विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा ऑगस्ट १९८० मध्ये मिळाला. मासेमारीच्या खेड्याचे महानगर झाले, ही कथा प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. वस्तुतः तत्कालीन बाओआन परगण्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख होती आणि शेन्झेन हे लोहमार्गावरील बाजाराचे गाव होते. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १ कोटी ७५ लाखांवर गेली. झालेला बदल थक्क करणारा आहेच. पण कथा कोण व कशासाठी सांगतो, याचे भान विद्यार्थ्याला येथेच द्यावयास हवे.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या जुळणीचा कारखाना पाहिलेल्या विद्यार्थ्याची ‘हे सर्व चीनमध्ये बनते’ अशी खात्री पटते. त्यास यूछिंग शिंग व नील डेटर्ट यांचा २०१० मधील अभ्यास वाचावयास द्यावा. २००९ मधील आयफोनच्या १७८.९६ डॉलर उत्पादनखर्चापैकी चीनमधील जुळणीचा वाटा अवघा ६.५० डॉलर होता, असे त्यांनी दाखविले. उर्वरित मूल्य जपान, जर्मनी, दक्षिण कोरिया, अमेरिका इत्यादी देशांतील सुट्या भागांचे होते. व्यापाराच्या आकडेवारीत मात्र पूर्ण रक्कम चीनची निर्यात म्हणून नोंदविली जात होती. पुढे २०१३ मध्ये आर्थिक सहकार्य व विकास संघटना आणि जागतिक व्यापार संघटना यांनी मूल्यवर्धनाच्या आधारे व्यापार मोजणारी संयुक्त आकडेवारी प्रसिद्ध केली, तिच्यामागे हाच प्रश्न होता. त्यानंतर चिनी पुरवठादारांचा वाटा वाढला आहे, तेव्हा २००९ चा आकडा आजचा म्हणून सांगणे चुकीचे ठरेल. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर हिशेबाची कात्री लावणे ही सवय त्यातून लागावी, एवढेच अपेक्षित आहे.

शेन्झेनमध्येच ह्वाछ्यांगबेई येथील सुट्या भागांच्या बाजारात अर्धा दिवस घालविणे मोठ्या कारखान्याच्या भेटीइतकेच उपयुक्त ठरते. हाँगकाँगमध्ये त्याचे दुसरे टोक भेटते ते नेथन रोडवरील चुंगकिंग मॅन्शन्स या १९६१ मधील सतरा मजली इमारतीत. आफ्रिका व दक्षिण आशियातील छोटे व्यापारी तेथे मोबाइल, कपडे खरेदी करतात आणि बॅगांतून नेतात. मानववंशशास्त्रज्ञ गॉर्डन मॅथ्यूज यांनी २०११ मध्ये या इमारतीवर ग्रंथ लिहिला आणि या व्यवहारांस तळातील जागतिकीकरण म्हटले. बहुराष्ट्रीय कंपनीच्या विसाव्या मजल्यावरील कार्यालयात या व्यापाराची चित्रफीत कोणी दाखवत नाही.

मराठी वाचकास या शहरात एक ओळखीचा धागाही सापडतो. मुंबईहून अफू व कापूस चीनकडे नेणाऱ्या व्यापारात पारशी पेढ्या अग्रेसर होत्या. व्हिक्टोरिया बंदर ओलांडणाऱ्या स्टार फेरीचा प्रारंभ दोराबजी नवरोजी या पारशी व्यावसायिकाने केला, आणि हाँगकाँग विद्यापीठाच्या स्थापनेस मूळच्या मुंबईच्या होरमसजी मोदी यांची देणगी कारणीभूत ठरली. आंतरराष्ट्रीय व्यवसाय ही १९९१ नंतर भारतात आलेली गोष्ट आहे, असा समज घेऊन गेलेल्या विद्यार्थ्यास फेरीचा प्रवास पुरेसा ठरावा.

सिंगापूर–जोहोर : जवळचा शेजारी

सिंगापूरच्या बाबतीत ठरलेले उत्तर असते : मलाक्का सामुद्रधुनीच्या तोंडावरील मोक्याची जागा. बंदर पाहिल्यावर हे उत्तर अधिकच पटते. २०२४ मध्ये या बंदराने ४ कोटींहून अधिक टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापाने मोजलेली एकके, हाताळली. त्यातील बहुतांश माल एका जहाजातून दुसऱ्या जहाजात चढविला जातो, देशात येतच नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये अधिकृतपणे सुरू झालेले तुआस बंदर २०४० च्या दशकात पूर्ण झाल्यावर साडेसहा कोटी एकके हाताळील, अशी योजना आहे.

परंतु तुआससमोरच, खाडीपलीकडे, मलेशियाच्या जोहोर राज्यात तांजुंग पेलेपास हे बंदर आहे. सामुद्रधुनी तीच, स्थान जवळजवळ तेच. २००० मध्ये मेर्स्क या जगातील अग्रगण्य जहाजकंपनीने आपले केंद्र सिंगापूरहून तेथे हलविले आणि त्या बंदरात भागभांडवलही घेतले. २००२ मध्ये एव्हरग्रीननेही तीच वाट धरली. केवळ भूगोलाने सर्व ठरत असते, तर हे स्थलांतर घडण्याचे कारण नव्हते. आणि केवळ दराने ठरत असते, तर इतर कंपन्या सिंगापुरात राहिल्या नसत्या. स्वस्त दर व टर्मिनलमधील मालकीहक्क एका पारड्यात, जोडणाऱ्या जहाजफेऱ्यांची वारंवारता व कामाची खात्री दुसऱ्या पारड्यात, असा हा हिशेब आहे. सिंगापूरनेही धडा घेतला. २००३ मध्ये चीनच्या कॉस्कोबरोबर टर्मिनलमध्ये भागीदारी झाली.

सिंगापूर ते जोहोर बाहरू हे अंतर सुमारे एक किलोमीटर लांबीच्या सेतुमार्गाचे. बसने ते पार करताना विद्यार्थ्यांनी चलनाची नोंद घ्यावी. १९६७ मध्ये दोन्ही देशांची चलने वेगळी झाली तेव्हा त्यांचे मूल्य समान होते. आज एका सिंगापूर डॉलरला ३ रिंगिटांहून अधिक मोजावे लागतात. पेट्रोलचे उदाहरणही बोधप्रद आहे. मलेशियात ते स्वस्त असल्याने सिंगापूरच्या मोटारी सीमेपलीकडे टाकी भरून आणतील, म्हणून देशाबाहेर पडताना टाकी तीन-चतुर्थांश भरलेली असलीच पाहिजे, असा सिंगापूरचा नियम आहे. शेजारच्या देशाचे अनुदान व आपला कर यांमधील फरक टिकवून ठेवण्यासाठी शासनास मोटारीच्या टाकीत डोकावावे लागते. अलीकडे, जानेवारी २०२५ मध्ये, दोन्ही देशांनी जोहोर–सिंगापूर विशेष आर्थिक क्षेत्राचा करार केला. सिंगापूरचे भांडवल व जोहोरची जमीन एकत्र आणण्याचा तो प्रयत्न आहे. हाँगकाँगच्या पेढ्या व पर्ल नदीच्या मुखाशी असलेले कारखाने यांच्यातील ‘पुढे दुकान, मागे कारखाना’ ही जुनी श्रमविभागणी ज्याने चार दिवसांपूर्वी अभ्यासली आहे, तो येथे तुलना करू शकतो : तेथे एका राष्ट्रात दोन व्यवस्था होत्या, येथे दोन राष्ट्रे आहेत.

पूर्वतयारी, नोंदी व मूल्यमापन

अशा दौऱ्याचे यश निघण्यापूर्वीच्या सहा-आठ आठवड्यांत ठरते. प्रत्येक विद्यार्थ्याने एक वस्तू व एक प्रश्न निवडावा आणि त्याचे आपल्याला अपेक्षित असलेले उत्तर सही करून प्राध्यापकांकडे द्यावे. दौऱ्यात त्या वस्तूची किंमत, कर, लेबल, विक्रेता यांची नोंद सीमेच्या दोन्ही बाजूंना घ्यावी. परतल्यावर मूळ उत्तर त्याला परत द्यावे. त्यातील कोणते विधान कोणत्या पुराव्याने बदलले, यावर गुण द्यावेत. प्रवासवर्णनावर देऊ नयेत. उत्तर बदललेच नाही, तर तेही पुराव्यानिशी दाखवावे लागेल. दिवसाला एकच भेट ठेवून दुपार लिखाणासाठी मोकळी सोडल्यास संस्थेच्या जाहिरातीतील कंपन्यांची यादी लहान होते, ही अडचण खरी आहे. सीमाशुल्क दलाल, मालवाहतूक अभिकर्ता, खरेदी प्रतिनिधी अशा माणसांना भेटणे मात्र अध्यक्षांच्या भाषणापेक्षा स्वस्त व फलदायी असते.

पारपत्र हेही अध्ययनसाहित्य आहे. अमेरिकन विद्यार्थी हाँगकाँग व सिंगापूरमध्ये व्हिसाविना उतरतो. भारतीय विद्यार्थ्याला सिंगापूरसाठी व्हिसा लागतो, हाँगकाँगसाठी २०१७ पासून पूर्वनोंदणी करावी लागते आणि शेन्झेनसाठी चीनचा वेगळा व्हिसा काढावा लागतो. ही कामे प्रवासी कंपनीवर न सोपविता विद्यार्थ्यांकडूनच करून घेतली, तर प्रशासकीय अंतराचा पहिला धडा घरीच होतो.

मर्यादा

हाँगकाँग व सिंगापूर ही आशियाची सोपी बाजू आहे. इंग्रजी पाट्या, ओळखीची कायदेपद्धती व मुक्त बंदरे यांवरून इंडोनेशिया किंवा व्हिएतनामविषयी अनुमान काढणे धोक्याचे ठरेल. गीर्त हॉफस्टेड यांचे सांस्कृतिक निर्देशांक सोबत नेणारे विद्यार्थी भेटलेल्या प्रत्येक माणसात ते अंक शोधू लागतात. ते निर्देशांक मुळात एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणातून निघाले होते, याचे स्मरण ठेवावे. हाँगकाँगमध्ये जून २०२० पासून राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू आहे. विद्यार्थ्याच्या प्रश्नाने मुलाखत देणारा अडचणीत येणार नाही, ही जबाबदारी प्राध्यापकांची आहे. शिवाय सीमा कायम उघड्या राहतात असेही नाही. हाँगकाँग व मुख्य भूमीमधील सामान्य ये-जा २०२० च्या प्रारंभापासून जानेवारी २०२३ पर्यंत जवळजवळ थांबली होती.

खर्चाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. वर्गातील मोजकेच विद्यार्थी जाऊ शकतात आणि श्रेयांक मात्र एकाच गुणपत्रिकेत येतात. महाराष्ट्रातील महाविद्यालयांना यावर एक उपाय योजता येईल. न्हावा शेवा येथील बंदर १९८९ पासून कार्यरत आहे आणि तेथील एक कंटेनर टर्मिनल २०१८ पासून सिंगापूरची पीएसए ही कंपनीच चालवते. उरण परिसरातील कंटेनर केंद्रे, सीमाशुल्क दलालांची कार्यालये, वाहतूकदार ही सर्व मंडळी मुंबई–पुण्याच्या विद्यार्थ्याला एका दिवसाच्या अंतरावर आहेत. बंदराच्या आतील प्रवेशास परवानगी लागते व ती सहज मिळत नाही. दलालांच्या कार्यालयात बसण्यास तेवढा अडथळा नसतो. जे सिंगापूरला जातील त्यांना आणि जे जाणार नाहीत त्यांना एकच प्रश्न द्यावा : एक कंटेनर जहाजावरून उतरल्यापासून दाराबाहेर पडेपर्यंत त्यास किती कागद, किती सह्या व किती तास लागतात. दोन्ही गटांच्या नोंदवह्या मग एकाच तासिकेत समोरासमोर ठेवता येतात.